जेवण उत्तम, पण बाजूच्या दाराचं काय? नाशिकच्या इंदिरानगरातलं एक हॉटेल आणि त्याचा परमिट रूमचा अर्ज

जेवणाला पाचपैकी साडेचार. परमिट रूमच्या अर्जाला, आज जो नकाशा जोडलाय तो तसाच राहणार असेल तर, माझी हरकत आहे. दोन्ही मतं एकाच हॉटेलबद्दल आहेत आणि दोन्ही मनापासून लिहितोय.

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. अर्जाचा निकाल अजून लागायचाय, आणि मालकाने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या बाजूला राहणाऱ्यांना कुठलं हॉटेल ते दोन ओळींत कळेलच. तळमजल्यावर हॉटेल, पहिल्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लास, त्यावर चार मजले आम्ही राहतो. मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे ना हरकतीचा कागद टेबलावर आला तेव्हा जागा पाहून लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तेच इथे जरा सविस्तर मांडतोय, कारण असे अर्ज नाशिकच्या बऱ्याच सोसायट्यांत येताहेत आणि बहुतेक ठिकाणी चर्चा ‘दारू वाईट’ आणि ‘धंदा करू द्या’ यांच्यातच संपते.

आधी जेवण.

इथला पाटोडी रस्सा खायला मी सातपूरहून पाहुणे आणलेत. पाटोड्या बेसनाच्या, पातळ थापलेल्या, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या. रश्श्यात पडल्यावरही कडा शाबूत राहतात, विरघळून पिठलं होत नाही. काळा मसाला घरचा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलेलं असतं, तरीही कडवटपणा येत नाही. वर लाल तवंग, खाली घट्ट रस्सा, आणि पहिल्या घासाला तिखट लागत नाही, ते मागून येतं. शेवभाजी मागवली तर रस्सा आणि शेव वेगळी आणतात. शेव आपण टाकायची आणि लगेच खायची. दहा मिनिटं गप्पा मारत बसणाऱ्यांची शेव मऊ होते, त्याला हॉटेल काय करणार.

भाकरी हा या हॉटेलचा खरा जीव. पेठ तालुक्यातल्या दोन बाया भाकऱ्या करतात. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये मालकाने काच लावलीय, त्यामुळे हातावर फिरणारी भाकरी टेबलावरून दिसते. बाजरीची भाकरी पाण्याचा हात लावून तव्यावर पडते, उलटते, मग थेट आचेवर टम्म फुगते आणि तशीच वाफेसकट ताटात येते. लोण्याचा गोळा मागितला तर देतात, त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. बुधवारी आणि रविवारी मटण थाळी असते. तुकडे लहान पण शिजलेले, नळी मागितली आणि उरली असेल तर मिळते, अळणी सूप हवं तेवढं. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी आणि ओटा वेगळा आहे. मी आत जाऊन पाहिलंय.

उणं सांगायचं तर भात. दुपारी दोननंतर गेलात तर भाताचा गोळा झालेला असतो. गुलाबजाम बाहेरून येतात आणि ते बाहेरचेच लागतात. हात धुवायचं बेसिन एकच आहे आणि रविवारी तिथे रांग लागते. अर्धा मार्क या तीन गोष्टींचा गेला.

सकाळी अकरापर्यंत मिसळ. पापड, दही, कांदा, लिंबू सगळं सोबत, आणि रस्सा पुन्हा वाढायला पोरं स्वतःहून येतात. सकाळी इथे कोण बसलेलं असतं ते मला जेवणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. जॉगिंग ट्रॅकवरून फिरून आलेली ज्येष्ठ मंडळी. अंबड एमआयडीसीतून रात्रपाळी करून परतणारे कामगार. वरच्या क्लासची मुलं-मुली, चौघांत दोन प्लेट घेऊन पाव वाढवत बसणारी. रात्री साडेनऊच्या सुमाराला एका खासगी दवाखान्यातली सिस्टर ड्युटी संपवून येते, कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसते, शेवभाजी-भाकरी खाते, मोबाइलवर मुलीशी बोलते आणि निघते. एकट्या बाईला रात्री निवांत जेवता येईल अशी टेबलं या रस्त्यावर किती आहेत? मला तरी दुसरं सुचत नाही. मालकाला हे माहीत आहे. तिचं टेबल तो पोरांना अडवू देत नाही. हॉटेलची परीक्षा मी अशा गोष्टींवरून करतो.

म्हणून अर्ज आला तेव्हा वाईट वाटलं, पण राग आला नाही. मालक पस्तिशीचा आहे. हिशोब घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला, “काका, दुपार चालते, संध्याकाळ बसते. लोक विचारतात, परमिट आहे का? नाही म्हटलं की गाडी वळवतात.” भाडं, एकोणीस किलोच्या सिलिंडरचा खर्च, घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपचं कमिशन, सगळं त्याने कागदावर मांडलं होतं. आकडे खरे होते. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली आणि तीही खरी आहे. काही गिऱ्हाइकं पिशवीतून बाटली आणतात, सोडा आणि ग्लास मागतात. तो देत नाही. विनापरवाना जागेत पिऊ देणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, चालवणाऱ्यालाही आणि पिणाऱ्यालाही. कलम ६८ आणि ८४ त्यासाठीच आहेत. या रस्त्यावर हे सर्रास चालू देणारी ठिकाणं आहेत, आणि नियमाने चालणारा हा एकटा त्यात मागे पडतो. “मग मी रीतसर परवाना मागितला तर काय चुकलं?” हा त्याचा प्रश्न. काही चुकलं नाही. रीतसर मागितलंय म्हणूनच रीतसर तपासलं पाहिजे.

आता मोजणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथे आहे.

परमिट रूम म्हणजे एफएल-३ परवाना. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे जातो आणि परवाना जिल्हाधिकारी देतात. अंतराचा नियम असा की शैक्षणिक संस्था, धार्मिक संस्था, एसटीचं स्थानक किंवा डेपो यांच्यापासून ७५ मीटरच्या आत नवा परवाना देता येत नाही. देशी दारूच्या दुकानाला हेच अंतर १०० मीटर. लोकांना वाटतं हे अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत, सरळ रेषेत मोजतात. तसं नाही. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून सुरुवात करायची, माणूस पायी ज्या जवळच्या वाटेने नेहमी जातो त्या वाटेने जायचं, आणि संस्थेला कंपाउंड असेल तर तिच्या जवळच्या फाटकाच्या मध्यबिंदूपर्यंत मोजायचं. म्हणजे दार कुठे आणि फाटक कुठे, यावर सगळा खेळ.

आमच्या मागच्या गल्लीत प्राथमिक शाळा आहे. तिची मागची भिंत आणि हॉटेलचं स्वयंपाकघर यांच्यात जेमतेम चाळीस मीटर. पण भिंत मोजायची नाही, फाटक मोजायचं. फाटक गल्लीच्या तोंडाशी आहे.

अर्जासोबतच्या नकाशात प्रवेशद्वार मोठ्या रस्त्याकडे दाखवलंय. मी पन्नास मीटरची टेप घेतली, सोसायटीचा वॉचमन दुसऱ्या टोकाला धरला. दाराची रुंदी मोजून मध्यावर खडूची खूण केली, तिथून फुटपाथने कोपऱ्यापर्यंत, कोपरा वळून गल्लीने फाटकापर्यंत. ८८ मीटर भरले. अंतर बसतं. नकाशा काढणाऱ्याने खोटं काही लिहिलेलं नाही.

पण हॉटेलला दुसरं दार आहे. बाजूचं, आमच्या पार्किंगमध्ये उघडणारं. नकाशात त्यावर ‘आपत्कालीन मार्ग’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात दुचाकीवरून येणारा प्रत्येक माणूस त्याच दाराने आत जातो, कारण मोठ्या रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही आणि पार्किंगच्या तोंडाशी हॉटेलच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात. संध्याकाळी सात ते नऊ मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. पुढच्या दाराने जी कुटुंबं आली ती रिक्षाने किंवा पायी आलेली. बाकी सगळे बाजूने. त्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत टेप धरली तर ६१ मीटर भरतात.

आयुष्यभर मोजणी केल्यावर एक सांगू शकतो. शेताच्या बांधावर उभं राहून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आणि जमीन यांत फरक दिसला तर भूकरमापक वहिवाट विचारतो, रोज कोण कुठून जातं ते विचारतो. नियमातही ‘पायी जाणारा नेहमी ज्या वाटेने जातो’ असंच धरलंय. तेव्हा प्रवेशद्वारही लोक ज्या दाराने प्रवेश करतात तेच धरलं पाहिजे. उत्पादन शुल्कचे निरीक्षक जागेवर येतील तेव्हा ते सकाळी अकराला येतील, तेव्हा बाजूचं दार बंद असेल आणि पुढचं उघडं. त्यांनी काय पाहिलं याची जबाबदारी त्यांची. संध्याकाळी काय दिसतं हे सांगण्याची जबाबदारी आमची, कारण आम्ही इथे राहतो.

आणखी दोन गोष्टी टेपमध्ये येतच नाहीत. वरचे क्लास. तिथे सोळा-सतरा वर्षांची शंभरेक मुलं संध्याकाळी पाच ते आठ येतात, आमच्याच जिन्याने. नियमाप्रमाणे खासगी कोचिंग क्लास शैक्षणिक संस्थेत मोडत नाही. अंतर शून्य मीटर असलं तरी हरकत निघत नाही. दुसरं, कोपऱ्यावरचं औदुंबराखालचं दत्ताचं देऊळ. गुरुवारी आरतीला पन्नास-साठ माणसं असतात, पण देवळाचा नोंदणीकृत ट्रस्ट नाही, आणि धार्मिक संस्था म्हणून धरायचं तर ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाची असावी लागते. तेही गणतीबाहेर. नियम करणाऱ्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग रेघेबाहेर जे राहिलं ते कोणी मोजायचं? ते मोजायला एकच कागद उरतो, सोसायटीचा ना हरकतीचा. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल. हॉटेलवाल्याने परमिट रूमसाठीही आमच्याकडे रीतसर मागणी केली, हे त्याच्या सरळपणाला धरूनच झालं. आम्हीही ती न वाचता सही करून किंवा न वाचता फेटाळून परत करू नये.

कमिटीच्या बैठकीत तिसऱ्या मजल्यावरचे एक सर म्हणाले, “अहो, नाशिक वाइन कॅपिटल आहे, इथे परमिट रूमचं एवढं काय?” यावर मला बोलायचंच होतं. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष करतो. गंगापूर धरणाच्या बाजूला १९९९ पासून सुला उभी राहिली आणि २००१ च्या धोरणात राज्याने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, त्यातून वाइनच्या द्राक्षाला जिल्ह्यात बाजार मिळाला. अवकाळीत खाण्याच्या द्राक्षाचा घड तडकला की बागाईतदाराच्या घरात काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून वाइन उद्योगाला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण गंगापूर रस्त्याच्या टोकाला शेताच्या मधोमध असलेली वायनरी, जिथे लोक ठरवून, गाडी करून जातात, आणि बारावीच्या मुलांच्या जिन्याखालची परमिट रूम या दोन जागा वेगळ्या आहेत. शिवाय परमिट रूममध्ये मुख्य विक्री व्हिस्की-रमची असते, हे मालकही नाकारत नाही. कायद्यातसुद्धा फरक आहेच. बिअर आणि वाइनला वयाची अट २१, कडक दारूला २५.

याच सरांनी कुंभाचाही मुद्दा काढला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, मग २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं, शहरात लाखो माणसं येणार, हॉटेलला सोन्याचे दिवस. येणारा माणूस रामकुंडावर स्नान करून भाकरी आणि पाटोडी शोधेल की पेग? या हॉटेलकडे कुंभासाठी लागणारं सगळं आजच तयार आहे. मी मालकाला हेच सांगितलं, सकाळची मिसळ पाचला सुरू कर, बसगाड्या भरून गिऱ्हाईक येईल.

पैशाचा हिशोबही मी त्याच्यासोबत पुन्हा बसून केला, कारण त्याचा धंदा टिकावा असं मला खरंच वाटतं. परमिट रूमची कमाई त्याने एका मित्राच्या पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर धरली होती. दरम्यान परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करायचा निर्णय झाला. परवाना शुल्कही वाढलं. याच वाढीविरुद्ध १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. वाइन शॉपमधून बाटली घेऊन घरी बसणाऱ्याला आणि हॉटेलात पेग मागवणाऱ्याला पडणाऱ्या किमतीतली तफावत वाढली की हॉटेलातलं गिऱ्हाईक कमी होतं. हे सगळं धरून त्याचा जुना आकडा पुन्हा मांडला तर नफा निम्म्यावर येत होता. त्यात सकाळची मिसळ आणि रात्रीची कुटुंबं किती तुटतील हे धरलेलंच नव्हतं. तो गप्प बसला, मग म्हणाला, “काका, हे सीएने सांगायला हवं होतं.”

जेवायला येणारी कुटुंबं तुटतात का? चौकापलीकडे एका इमारतीखाली परमिट रूम आहे. तिथेही आधी चांगलं घरगुती जेवण मिळायचं. आता आत फॅमिली सेक्शन म्हणून लाकडी पार्टिशन घातलंय, त्यामागे बहुधा फ्रीजचे खोके आणि जादा खुर्च्या रचलेल्या असतात. त्या इमारतीचा वॉचमन सकाळी सहाला पाण्याची बादली आणि खराटा घेऊन जिन्याखालचा कोपरा धुतो. रोज. आधी फिनाइल ओततो, मग काचा वेचतो, कारण शाळेच्या व्हॅनची मुलं तिथेच उभी राहतात. कधी एखादा माणूस मीटरच्या पेट्यांना टेकून झोपलेला असतो, त्याला हाताला धरून उठवून रिक्षात बसवायचं कामही त्याचंच. मी विचारलं, “सोसायटीने तक्रार केली नाही का?” म्हणाला, “केली साहेब. मालक म्हणतो, दाराबाहेर गेलेला माणूस माझा नाही.” त्याचा पगार वाढलेला नाही.

आणि एकदा सुरू झालेलं बंद करणं किती जड असतं ते माझ्या गावाने अनुभवलंय. गावात देशीचं दुकान होतं. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानाने दुकान बंद करायचं, तर आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी, मग मतदान, आणि आडव्या बाटलीला मतं पडली पाहिजेत ती गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, एकूण यादीच्या. सासरी गेलेल्या पण यादीत नाव राहिलेल्या मुली, आजारी म्हाताऱ्या, द्राक्षाच्या छाटणीला गेलेल्या मजूर बाया, सगळ्या विरोधातच मोजल्या जातात. माझ्या वहिनीने आणि तिच्या बचत गटाने बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, मिळेल त्याने बाया केंद्रावर आणल्या. एका ऐंशीच्या आजीला खाटेसकट आणलं. बाटली आडवी झाली. पण तेवढ्यासाठी वर्ष गेलं, भांडणं झाली, दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. इकडे आमच्याकडे आज एका कागदावर विचार करून लिहायचंय, दुकान उघडायच्या आधी. ही सोय गावाला मिळाली नव्हती.

माझा अहवाल कमिटीला दिलाय, त्यात ‘नाही’ एवढंच लिहून सोडलेलं नाही. आजच्या नकाशाला ना हरकत देऊ नये, असं लिहिलंय. सोबत मालकाला तीन गोष्टी सुचवल्यात. बाजूचं दार अग्निशमनासाठी लागणारच, ते बंद करता येणार नाही आणि करूही नये. पण त्याला आतून ढकलायचं पॅनिक बार कुलूप लावता येतं, म्हणजे आग लागली तर बाहेर पडता येतं आणि एरवी बाहेरून आत येता येत नाही. ते लावून, पार्किंगमधली गिऱ्हाइकांची जागा सोडून, मोठ्या रस्त्याकडे समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भाड्याने पार्किंग घ्यावं. ते करून तीन महिने आहे तेच हॉटेल चालवून दाखवावं. लोक खरंच पुढच्या दाराने येऊ लागले तर ८८ मीटर खरे मानायला मी तयार आहे. दुसरं, सबंध एफएल-३ ऐवजी फक्त बिअर आणि वाइनच्या परवान्याचा विचार करावा. अर्ज त्याचा आला तर मी पुन्हा वाचेन, आणि नाशिकची वाइन पाटोडीबरोबर कशी लागते हा प्रश्न मला पडतोच. तिसरं, दारू विकायची ती आठनंतर, क्लास सुटल्यावर. हे परवान्यात कुणी लिहून देणार नाही, पण सोसायटी आणि गाळेधारक यांच्या करारात लिहिता येतं, स्टॅम्प पेपरवर.

पहिल्या मजल्याच्या क्लासवाल्यांनी माझ्या अहवालावर सही केली. तळमजल्याच्या मागच्या फ्लॅटमधल्या काकूंनी केली नाही. त्यांचं म्हणणं कुठल्याच अटीवर नको. त्यांच्या घरात जे झालं ते माहीत असल्यावर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, आणि त्यांचं मत अहवालात त्यांच्याच शब्दांत जोडलंय. दोन सभासदांनी उलट लिहून दिलंय की कुणी कुठे काय प्यावं हे सोसायटीने ठरवू नये. तेही जोडलंय. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, कारण प्रश्न कुणी प्यावं हा नाहीच, आमच्या जिन्यातून कोणती वाट जाणार हा आहे. पण सभेने सगळं वाचूनच ठरवावं.

मालक रागावलेला नाही. अहवालाची प्रत मी स्वतः त्याच्या हातात दिली, त्याने उभ्या उभ्या वाचली, ६१ या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “माझ्यासमोर मोजा.” दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर मोजलं. टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं.

जाणाऱ्यांसाठी: बुधवारी मटण थाळी दुपारी दीडपर्यंत संपते, आधी फोन करून ठेवा. भात नको म्हणा, त्याऐवजी भाकरी जास्त देतात. पाटोडी रोज असते. दुचाकी असेल तर कृपा करून मोठ्या रस्त्याकडे लावा आणि पुढच्या दाराने आत जा.

सभासदांसाठी: विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये आहे. अर्जाचा नकाशा आणि माझं टिपण सूचना फलकावर लावलंय. सभेला बसायच्या आधी दोन्ही दारं आणि शाळेचं फाटक स्वतः चालून पाहून या. खडूच्या खुणा अजून आहेत.